पडदा भरण्यासाठी चेहरे ताणू नका

गोव्यातल्या आमच्या तालुक्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या आयोजन समितीस खुले पत्र

आदरणीय आयोजक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

समारोपाच्या दिवशी दारात अभिप्रायाचा कागद दिला होता. त्यावर ‘उत्तम, चांगले, बरे’ अशा तीन चौकटी होत्या. मला जे सांगायचे आहे ते त्या चौकटीत मावले नसते, म्हणून कागद कोराच परत केला आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. महोत्सवाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे आहात, तुमच्यापैकी दोघेजण माझ्याच शाळेत शिकलेले आहेत आणि तुम्ही हा महोत्सव पदरमोड करून, रात्री जागून उभा करता हे मला माहीत आहे. तो बंद पडावा असे मला कधीच वाटणार नाही. पुढच्या वर्षी तो नीट व्हावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपासून सुरुवात करते. साडेपाचचा खेळ. आसामहून आलेला एक तरुण दिग्दर्शक तिसऱ्या रांगेत, माझ्या पुढेच बसला होता. त्याचा पहिलाच चित्रपट. उद्घाटनाच्या दिवशी एक कार्यक्रम राहून गेला होता, तो त्या दिवशी आधी उरकायचा म्हणून दीप, पुष्पगुच्छ, शाली, भाषणे झाली आणि खेळ सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. लोक घड्याळाकडे बघत होते. सत्तरी तालुक्याकडे जाणारी शेवटची कदंब बस पकडायची असलेले आठ-दहा जण तर चित्रपट सुरू होण्याआधीच उठून गेले.

चित्रपट सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात मला काहीतरी खटकले. एक म्हातारी दारातून आत येते. ती बाई दाराएवढी रुंद दिसत होती. अंगणातला रांजण आडवा पसरला होता, बैलगाडीचे चाक लांबुळके झाले होते. तो चित्रपट जुन्या पद्धतीच्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित केलेला होता. उंचीच्या सुमारे एक पूर्णांक सदतीस पट रुंद, एवढीच ती चौकट. दिग्दर्शकाने ती ठरवून घेतली होती. माणसे त्या घरात कोंडल्यासारखी दिसावीत, हा तिचा अर्थ होता. आपल्या सभागृहात ती दोन्ही बाजूंनी ओढून पडदाभर पसरवली होती.

दिग्दर्शक उठला आणि मागे धावला. मीही त्याच्या मागून गेले. मागच्या बाजूला टेबलावर एक लॅपटॉप, त्याला जोडलेला प्रोजेक्टर आणि टेबलाशी उन्हाळी सुट्टीत काम मिळाले म्हणून आलेला असावा एवढ्या वयाचा एक मुलगा. त्याला सांगितले तर तो घाबरून म्हणाला, “बाय, म्हाका सांगलां तशें करतां. पडदो पुराय भरूंक जाय म्हणलां.” त्याचा काही दोष नव्हता. त्याला चौकट म्हणजे काय हे कोणी सांगितलेलेच नव्हते. बदल करायला त्याने हात लावला तेव्हा पडद्यावर निळी पट्टी आली, मग कुठलीतरी सूचना उघडली, मग चित्र परत आले, पण माऊसचा बाण म्हातारीच्या गालावरच राहिला. पुढची दहा मिनिटे तो तिथेच होता. सबटायटलची खालची ओळ पडद्याच्या बाहेर, खालच्या काळ्या कापडावर पडत होती. आसामी कळत नसलेल्या आम्हा सगळ्यांना अर्धेच संवाद वाचायला मिळाले.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकाशी गप्पा होणार होत्या. उशीर झाल्यामुळे त्या रद्द केल्या. त्याला मंचावर बोलावून स्मृतिचिन्ह मात्र दिले. तो हसून पाया पडला आणि खाली उतरला. बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याला म्हटले, आम्ही तुमचा चित्रपट नीट पाहू शकलो नाही, त्याबद्दल माफ करा. तो म्हणाला, “मॅडम, माझी आई पहिल्यांदा पडद्यावर दिसली होती.” ती म्हातारी त्याची आई होती.

त्या वाक्यानंतर मला रात्रभर झोप लागली नाही. आपण पाहुण्याला घरी बोलावले, त्याने सोबत आणलेला त्याच्या आईचा फोटो भिंतीवर लावला आणि लावताना तो ताणून विद्रूप केला. हे आपल्या हातून झाले आहे.

मला हे इतके का लागले, त्याला घरचे कारण आहे. माझे बाबा २६ वर्षे एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन मशीनरूममध्ये जायची. दोन मशीने शेजारी शेजारी. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामधल्या ठिणगीचा उजेड. कांड्या जळून आखूड होत जायच्या, त्यांच्यातले अंतर वाढले की पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा. म्हणून बाबा काळ्या काचेतून सारखे बघत राहायचे आणि चाकी हळूहळू फिरवायचे. दोन हजार फुटांचे रीळ साधारण वीस-बावीस मिनिटे चालायचे. रीळ संपत आले की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरे मशीन चालू करायचे, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की त्याच क्षणी पाय दाबून बदल करायचा. खाली बसलेल्या कुणालाही रीळ बदलले हे कळता कामा नये. आयुष्यभरात बाबांनी ते दोन ठिपके किती हजार वेळा पाहिले असतील! त्यांचे एकच म्हणणे असायचे, की प्रेक्षकाला मशीनरूमची आठवण झाली तर ऑपरेटर चुकला. आम्ही मुले पडद्यावरचे नट बघायचो, ते मात्र तिकडे उजव्या कोपऱ्याकडे बघायचे.

आता रिळे गेली. आता चित्रपट हार्डडिस्कवर डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवण्यासाठीचा डिजिटल संच, होऊन येतो. आपल्याकडे सोय नसेल तर साधी फाइल चालते, माझी त्याला हरकत नाही. पण काम तेच राहिले आहे, उलट सांभाळायच्या गोष्टी वाढल्या आहेत. डीसीपीला अनेकदा कुलूप असते. त्याची किल्ली, केडीएम म्हणतात ती, एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या यंत्रासाठी, आणि दिलेल्या तारीख-वेळेपुरतीच उघडते. कार्यक्रम बदलला किंवा सभागृह बदलले तर आयत्या वेळी चित्रपट उघडतच नाही. म्हणून प्रत्येक चित्रपट आदल्या दिवशी चढवून, पहिली दहा, मधली पाच आणि शेवटची पाच मिनिटे तरी चालवून बघावी लागतात. चौकट कुठली आहे, फ्रेम सेकंदाला २४ आहेत की २५, सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये आहे का, ते पडद्याच्या आत येते का, आवाज किती ठेवायचा, एवढे एका कागदावर लिहून तो कागद ऑपरेटरच्या हातात द्यायचा. चाळीसएक चित्रपटांसाठी हे काम करायला एक जाणकार माणूस आणि तीन दिवस लागतील. यंदाच्या मंचावरच्या फुलांच्या कमानीचा खर्च यापेक्षा जास्त झाला असणार, हे मी कमान उभी राहताना पाहिली म्हणून सांगते.

तुम्ही म्हणाल, गावातल्या प्रेक्षकाला एवढे कुठे कळते? हे वाक्य यंदा मी प्रत्यक्ष ऐकले, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

आपण कुठल्या भागात राहतो ते आठवा. आपल्याकडे देवळाच्या जत्रेला रात्री नाटक लागते. गावातलीच मुले महिना-दोन महिने तालमी करतात. बाहेरून ऑर्गनवाला आणि तबलजी येतो. तिसरी घंटा होते आणि पडदा वर जातो तेव्हा कधी रात्रीचे अकरा, कधी बारा वाजलेले असतात. पण एकदा पडदा वर गेला की समोरचा माणूस पहाटेपर्यंत हलत नाही. माझी आजी सहीपुरतेच अक्षर लिहायची, पण पद चुकीच्या पट्टीत लागले की तिच्या कपाळावर आठी पडायची. पात्राच्या तोंडावर प्रकाश पडला नाही तर मागून हाक यायची, “उजवाड! उजवाड!” या लोकांची मुले आणि नातवंडे आपल्या महोत्सवाला येतात. त्यांना चौकटीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणासाठीचा ‘ॲस्पेक्ट रेशो’ हा शब्द ठाऊक नसेल, पण बाई दाराएवढी रुंद दिसली तर ते त्यांना दिसतेच. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसलेल्या फुलांच्या दुकानवाल्या बाई मला म्हणाल्या, “टीचर, फिल्माक कितें जालां?” मग जत्रेतल्या नाटकात जे खपत नाही, ते आपण आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या महोत्सवात का खपवून घ्यावे?

दुसरे म्हणजे गोव्यातला प्रेक्षक गेल्या वीस वर्षांत घडला आहे. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे शहरोशहरी फिरलेला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ मध्ये पणजीत आला. त्या वर्षी मी पहिल्यांदा डेलिगेट कार्ड गळ्यात घातले. जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात नवे कोरे आयनॉक्स चित्रपटगृह उभे राहिले होते, चार पडदे. मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरियांनी रचलेल्या कला अकादमीत तर मी आधी फक्त नाटकेच पाहिली होती, तिथे आता इराणी आणि कोरियन चित्रपट लागत होते. मला त्या आठवड्यात कळले की चित्रपट संथही असू शकतो, गाण्याशिवायही असू शकतो आणि तरीही आपण खुर्चीला खिळून राहतो. तेव्हापासून दर नोव्हेंबरात रजा टाकून पणजी गाठायची हे ठरलेले. माझ्यासारखे शेकडो लोक आहेत. सकाळी लवकर निघायचे, रांगेत उभे राहायचे, वेळापत्रकाच्या पुस्तिकेवर पेनाने गोल करायचे, दुपारी खानावळीत भेटून ‘तू काय पाहिलेस’ विचारायचे. या रांगांमध्ये आमचे खरे शिक्षण झाले. इफ्फीबद्दलही तक्रारी असतात. दोनापावल्याला इफ्फीसाठी बांधायच्या संमेलन संकुलाची चर्चा आम्ही किती वर्षे ऐकतो आहोत! त्यावर लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. पण तिथे नीट पाहण्याची जी सवय लागली, ती घेऊनच आम्ही तुमच्या सभागृहात येतो.

आणि म्हणूनच तुमचा महोत्सव आम्हाला हवा आहे. पणजीचा रात्रीचा खेळ आम्हाला बघता येत नाही, परतीला बस नसते. अलीकडे इफ्फीचे काही खेळ फोंडा आणि मडगावला व्हायला लागले, ते चांगलेच झाले, पण उत्तरेकडच्या आम्हा लोकांना तेही लांबच. चालत जाऊन जगातला चित्रपट बघायचा आणि चालत घरी यायचे, हे सुख तुम्ही दिलेत. त्याबद्दल मनापासून आभार मानते.

आता निवडीविषयी. चार दिवस, एक पडदा आणि ४२ चित्रपट. हे गणित बसणार कसे? दोन खेळांच्या मध्ये पाच मिनिटेही उरत नव्हती. श्रेयनामावली सुरू झाली की दिवे लागत होते, सूत्रसंचालक माइकवर येत होता. चित्रपट संपतो तो शेवटचे नाव जाते तेव्हा. त्या नावांमध्ये स्पॉटबॉय असतो, स्वयंपाकी असतो, ज्याच्या घरात चित्रीकरण झाले तो शेतकरी असतो. ती दोन मिनिटे अंधार ठेवा. चित्रपट १८ घ्या, चालेल. प्रत्येकाला नीट पडदा आणि नंतर वीस मिनिटे बोलायला वेळ द्या.

इंटरनेटवरून प्रवेशिका मागवल्या की जगभरातून शेकड्यांनी येतात, हे खरे. त्यांत पैसे भरून पुरस्कार मिळवण्याची सवय लागलेलेही असतात. पोस्टरवर महोत्सवांतल्या निवडीची आणि पुरस्कारांची, पानांच्या वेलीसारखी दहा-बारा चिन्हे असलेले काही लघुपट यंदा आपल्याकडे आले होते. ते पाहताना मला प्रश्न पडला, की हे कोणीतरी पूर्ण पाहून निवडले आहेत का? निवड समितीत कोण होते हे पुस्तिकेत छापा. त्यांनी किती प्रवेशिका पाहिल्या तेही छापा. त्यात कमीपणा काही नाही. नाव छापले की माणूस जबाबदारीने बघतो.

आणि एक चित्रपट वेळापत्रकातून गुपचूप नाहीसा झाला. दारावर चिकटवलेल्या कागदावर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढेच. नंतर कुजबूज वेगळीच ऐकू आली. खरे काय ते मला माहीत नाही, म्हणून त्यावर काही म्हणत नाही. पण २०१७ साली इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी ज्यूरीने निवडलेले दोन चित्रपट, त्यातला एक मराठी आणि दुसरा मल्याळम, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले होते. ज्यूरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, मल्याळम चित्रपटाचे प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले. त्या वेळी आम्ही प्रेक्षक दिवसचे दिवस एकच विचारत होतो, आम्हाला कारण तरी सांगा. आपला महोत्सव लहान आहे, आपल्यावर एवढा दबावही नाही. चित्रपट काढावा लागला तर मंचावर येऊन दोन वाक्यांत कारण सांगा. लोक समजून घेतील. न सांगितलेले मात्र मनात राहते.

सबटायटलविषयी थोडे अधिक लिहायचे आहे, कारण मी भाषा शिकवते. गोव्यात भरणाऱ्या इफ्फीत २०१९ मध्ये उषा जाधव यांना आणि २०२१ मध्ये जितेंद्र जोशी यांना मराठी चित्रपटांतल्या भूमिकांसाठी अभिनयाचा रौप्य मयूर पुरस्कार मिळाला. ज्यूरीतल्या परदेशी मंडळींना मराठी येत असण्याचे काही कारण नाही. त्यांच्यापर्यंत ते काम पोचले ते अभिनयामुळे आणि पडद्याखालच्या त्या दोन ओळींमुळे. यंदा तुम्ही दाखवलेल्या मराठी चित्रपटाला सबटायटलच नव्हते. समोर बसलेले दोन परदेशी पाहुणे वीस मिनिटांनी उठून गेले आणि आमच्याच भाषेचा चित्रपट आमच्याच गावात पाहुण्यांना परका राहिला.

उलट बाजूही बघा. परदेशी चित्रपटांना इंग्रजी ओळी असतात. माझ्या आईच्या वयाच्या बायका, शेतावरून येणारे काका, त्यांनी काय करायचे? पडद्याखाली वेगळी पट्टी लावून, संवादाबरोबर एकेक ओळ हाताने पुढे सरकवत मराठी किंवा कोकणी भाषांतर दाखवता येते. त्याला महागडे यंत्र लागत नाही, लागतो तो वेळ आणि चार मुले. माझ्या बारावीच्या वर्गातली मुले हे काम करतील. दोन चित्रपटांपासून सुरुवात करू. संवादांची यादी मला महिनाभर आधी द्या, भाषांतर मी आणि माझ्या सहकारी शिक्षिका करून देऊ, त्याचे मानधन नको.

वेळेविषयी एकच मागणी आहे. उद्घाटन आणि समारोप सोडून बाकी कुठल्याही दिवशी चित्रपटाआधी मंचावर सत्कार नको. मान्यवर आले तर त्यांना पहिल्या रांगेत बसवू, नारळपाणी देऊ, आपुलकीने चौकशी करू. साडेपाच म्हटले की साडेपाचला दिवे मालवायचे. पहिल्या वर्षी लोक कुरकुरतील, दुसऱ्या वर्षी पावणेसहाला येणारा माणूस सव्वापाचला येईल. जत्रेतल्या तिसऱ्या घंटेला आपण मान देतोच ना.

तो आसामचा मुलगा. त्याचा पत्ता तुमच्याकडे आहे. त्याला पत्र लिहा आणि पुढच्या वर्षी तोच चित्रपट पुन्हा मागवा. पहिल्या दिवशी, पहिला खेळ म्हणून, त्याच्या चौकटीत दाखवा. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे. त्याच्या आईलाही बोलवा. तिचे येण्या-जाण्याचे भाडे आम्ही काही शिक्षक मिळून भरू, ही तयारी मी आधीच केली आहे.

आणखी एक विनंती. महोत्सवाआधीचा एखादा रविवार सकाळी सभागृह उघडून द्या. मी बाबांना घेऊन येते. ते आता ८३ वर्षांचे आहेत, जिना चढायला हात धरावा लागतो. पण मोकळा पांढरा पडदा समोर असला की उजेड मधोमध आणि कडांना सारखा पडतो का, हे ते एका नजरेत सांगतात. लॅपटॉपवर बसलेल्या त्या मुलालाही बोलवा. बाबांना त्याला काही सांगायचे आहे.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक शिक्षिका, दर वर्षीची प्रेक्षक